माझ्या नावावरची दुनळी

"चावी दे," सुशांत म्हणाला.

मी तूर निवडत बसले होते. मान वर केली नाही. सूप हलवलं, एक खडा सापडला तो काढून बाजूला टाकला.

"आई, तुझ्याशी बोलतोय मी. नीचे गाडी उभी आहे, बंटी भिया वाट बघतोय. कपाटाची चावी दे."

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

माहीत होतंच. सुशांतच्या दोस्ताच्या, बंटीच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, सांवेरच्या वाटेवर कुठल्याशा मॅरेज गार्डनमध्ये. या लोकांची वरात म्हणजे घोडा, बँड आणि खांद्यावर बंदूक घेऊन नाचणारे चाळिशीतले बाप्ये. सुशांतच्या स्वतःच्या दोन आहेत, एक रायफल आणि एक पिस्तूल. पण मिरवायला हवी होती आमची दोन नळ्यांची दुनळी. सासऱ्यांच्या वेळची, विलायती, अक्रोडाच्या दांड्याची. फोटोत तीच शोभते म्हणे.

"तुझ्या दोन आहेत ना, त्या ने."

"त्या कशा नेऊ? वरातीत एखादा फायर झाला तर माझं लायसन्स जाईल."

"आणि माझं गेलं तर?"

तो हसला. आई काहीतरी गमतीचं बोलली की माणूस हसतो तसा. "तुला काय करायचंय लायसन्स? तू काय शेर मारायला जाणार? तू भी ना यार आई. अगं, कागदावर तुझ्या नावानं आहे म्हणून काय ती तुझी झाली का?"

मी सूप खाली ठेवलं. चावी माझ्या कमरेला होती, साडीच्या आत. त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हो. माझी झाली. आणि ती मी देणार नाही. जा, बंटी वाट बघतोय."

अमिता, माझी सून, दारातून बघत होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं की हिला समजाव. ती आत निघून गेली. मग तो पाय आपटत जिना उतरला. एवढा मोठा घोडा झाला, पण पाय आपटणं पाचवीतलंच.

आता ही बंदूक माझ्या नावावर कशी आली ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारीला काय वेडबीड लागलं की काय.

माझे सासरे इंदूर संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते. ही दुनळी त्यांची. त्यांच्यानंतर ती ह्यांच्याकडे आली. हे मिलमध्ये हेडक्लार्क. ह्यांनी उभ्या जन्मात चिमणीसुद्धा मारली नाही, पण बंदुकीची निगा अशी ठेवली की तेवढी माझी कधी ठेवली नाही. दसऱ्याला बाहेर काढायची, तेल लावायचं, झेंडूची माळ घालायची, पुन्हा आत. निवडणूक लागली की हुकूम यायचा, सगळी हत्यारं ठाण्यात जमा करा. तेव्हा हे खोळीत घालून सायकलवर बांधून स्वतः घेऊन जायचे आणि पावती देवापुढे ठेवायचे. मी म्हणायची, गेली का तुमची लाडकी माहेरपणाला? निकाल लागला की परत आणायचे, आणि आणल्याबरोबर आधी उघडून बघायचे, ठाण्यात कुणी नीट ठेवली होती की नाही. तोंडानं एक शब्द बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे.

हे गेले, आणि बंदुकीचा प्रश्न आला. पूर्वी एका माणसाला तीन ठेवता यायच्या, मग सरकारनं दोनवर आणल्या. वडिलोपार्जित असली तरी दोनच. सुशांतच्या दोन आधीच झालेल्या, दोन्ही शौकाच्या. त्याला रायफल क्लबाचा शौक. दर रविवारी सकाळी त्याचे क्लबवाले आमच्या हॉलमध्ये जमतात, जुनी चादर पसरतात, बंदुका पुसतात, माझ्या हातचे पोहे शेव घालून खातात आणि कायद्याच्या नावानं रडतात. शरीफ माणसानं मोजून दोन ठेवायच्या आणि गुंडे गावठी कट्टे खिशात घेऊन फिरतायत, त्यांना कोण विचारतं? हे त्यांचं खोटं नाही. कट्टेवाला काही लायसन्सच्या लाइनीत उभा राहत नाही. पण किती रडावं? नळाला नर्मदेचं पाणी आलं नाही तर गल्लीतल्या बायका एवढं रडत नाहीत. आणि रडून झालं की लगेच युक्त्या. कुणी बायकोच्या नावावर घेतली, कुणी सासऱ्याच्या. एकानं तर अंथरुणाला खिळलेल्या आत्याच्या नावावर घेतली होती. सांगताना असा ऐटीत सांगत होता जसं काही गड जिंकला.

तसल्याच एका रविवारी पोह्यांची बशी हातात धरून सुशांत म्हणाला, "आपली आईच्या नावावर करून टाकू."

मला विचारलं नाही. बशीला विचारलं असतं तर एक वेळ बशी काही बोलली असती.

या घरात माझ्या नावावर काय नाही? अन्नपूर्णा भागातलं हे घर माझ्या नावावर, कारण बाईच्या नावावर रजिस्ट्री स्वस्तात होते. मधली भिंत पाडून हॉल मोठा केला तेव्हा मी माझ्या बहिणीकडे, वसुंधराकडे देवासला गेले होते. आले तर भिंत नाही, आणि भिंतीवरचं माझं कोनाड्यातलं तुळशीवृंदावनाचं चित्र नाही. सांवेर रोडवर सुशांतचा खोक्यांचा कारखाना आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, त्याची मालकीण मी. महिला उद्योजक. उद्घाटनाला एकदा गेले, नारळ फोडला, दुसऱ्यांदा सही करायला गेले तर गेटवरच्या चौकीदारानं विचारलं, माताजी किससे मिलना है. गॅस माझ्या नावावर. वरच्या मजल्याचं मीटर माझ्या नावावर. एक जुनी मोटार माझ्या नावावर, तिचं चलान आलं की फोनवर माझं नाव येतं, लाल सिग्नल तोडला म्हणून. मला सायकल येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. सही येते, पेपराचे मथळे वाचता येतात. आमच्यात म्हणतात ना, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्या हाती तर कथलाचाही नाही, नुसतीच सोनूबाई.

तर दुनळीही आली. पण तिच्यात एक गोम निघाली, ती सुशांतच्या लक्षात आली नव्हती. लायसन्स मिळायच्या आधी हत्यार हाताळायचं शिक्षण घ्यावं लागतं. ज्याच्या नावावर, त्यानंच. त्याच्याऐवजी त्याचा मुलगा चालत नाही.

म्हणून मला क्लबात नेलं. शिकवायला महूच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेले एक सुभेदार होते, तुकोजी शिर्के. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या. सगळ्यांना वाटलं होतं की म्हातारीला खुर्चीवर बसवतील, चहा पाजतील, कागद देतील. सुशांत तसं त्यांना बोललासुद्धा, "सर, फॉर्मॅलिटीच आहे." सुभेदारांनी त्याला बाहेर काढला. माझ्या हातात दुनळी दिली आणि उघडायची कशी, रिकामी आहे का बघायचं कसं, तोंड कुठं धरायचं, सगळं करून घेतलं. चुकले की पुन्हा. मग बार काढायला लावला. खांद्याला असा धक्का बसला की पुढे कितीतरी दिवस हळद लावत होते. निशाणाला काही लागलं नाही, मागच्या मातीच्या ढिगाला लागलं. सुभेदार म्हणाले, ढीग मोठा होता, तोही चुकवणारे असतात.

आणि शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बाई, आता नीट ऐका. हे हत्यार तुमच्या नावावर आहे. तुमच्या गैरहजेरीत याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर तो गुन्हा. मग तो हात नवऱ्याचा असो की मुलाचा."

मी विचारलं, "मुलाचासुद्धा?"

"मुलाचासुद्धा. तुमच्या घरच्या देवाला लायसन्स नसेल तर त्याचाही."

परत येताना सुशांत गाडीत गाणी लावून बसला होता. मी मागच्या सीटवर तेच वाक्य घोळवत होते. सत्तरीला आलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं की ही वस्तू तुझी आहे आणि तुला विचारल्याशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही. घराबद्दल कुणी सांगितलं नाही, कारखान्याबद्दल नाही. माझ्या अंगावरच्या पाटल्या सुद्धा ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात उतरवल्या, तेव्हा कुणी असा कायदा काढला नाही. आणि बंदुकीबद्दल सांगितलं. मला बंदूक आवडत नाही हो. पण ते वाक्य आवडलं.

त्या दिवसापासून मी तसंच वागले. माझ्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं केलं, साड्या ट्रंकेत टाकल्या, दुनळी आणि काडतुसांचा डबा कपाटात, चावी कमरेला. महिन्याकाठी दार लावून काढायची, पुसायची, तेल द्यायचं. क्लबवाल्यांनी माझं नाव लायसन्सवाली आई ठेवलं. ठेवा. तुमच्या आयांना विचारा, त्यांच्या नावावर काय आहे ते त्यांना तरी माहीत आहे का.

त्या शनिवारी सुशांत पाय आपटत गेला, आणि मी दुपारी देवळात गेले. अन्नपूर्णेच्या देवळात आमच्या बायकांचं भजन असतं. भजनात माझं लक्ष नव्हतं. सारखं वाटत होतं, त्याला जरा जास्तच बोलले, लग्नघर आहे. घरी येऊन त्याला फोन करीन म्हटलं.

घरी आले तर अमिता माझ्या खोलीच्या दारात उभी. हात पदरात गुंडाळलेले. म्हणाली, "आई, मी नको म्हणून सांगितलं होतं त्यांना."

कपाटाचं दार उघडं होतं. कुलपाच्या जागी भोक, भोकाच्या कडेला लोखंडाचा चुरा. फरशीवर पण चुरा, त्यात बुटांचे ठसे. चौकातला चावीवाला आणला होता म्हणे. त्यानं विचारलं, कोणाचं कपाट आहे? सुशांतनं सांगितलं, माझंच आहे, चावी हरवलीय. ड्रिल लावलं.

दुनळी नव्हती. काडतुसांचा डबा उघडा पडला होता.

मला रडू नाही आलं. घाम आला, आणि पायांत अशी आग उठली की बसवेना. या मुलानं मागितली, मी नाही म्हटलं. नाही म्हटल्यावरही दोन रस्ते होते, न नेणं किंवा पुन्हा येऊन हातापाया पडणं. पडला असता तर, खरं सांगते, कदाचित दिलीसुद्धा असती. त्यानं तिसरा काढला. म्हातारी देवळात गेली की फोडायचं. आयत्या बिळावर नागोबा असतो, पण तो निदान बीळ फोडत नाही.

अमिताला म्हटलं, टॅक्सी बोलाव.

"कुठे जाणार आई? तिथे? सगळे पाहुणे असतील."

"पाहुण्यांना भेटायलाच चाललेय."

तिला वाटलं असेल थांबवावं. अख्ख्या घराचा स्वयंपाक एकटीनं करते, पण नवऱ्यापुढे आवाज निघत नाही तिचा. फोनवर काहीतरी दाबत राहिली. टॅक्सी आली तेव्हा खाली सोडायला आली आणि खिडकीतून माझ्या लायसन्सची पुस्तिका आत दिली. मी ती घ्यायची विसरले होते. त्या क्षणी मला ती पोटच्या पोरापेक्षा जवळची वाटली.

सांवेर रोडवरचे कारखाने मागे पडले, सोयाबीन काढलेली रिकामी शेतं लागली. ऊन उतरत होतं. गार्डनच्या अलीकडे वरातीनं रस्ता अडवला होता, टॅक्सीवाला म्हणाला, माताजी यहीं उतर जाओ. मी उतरले तेवढ्यात बार झाला.

बँड थांबला. घोडा बिथरला, नवरदेव एका बाजूला कलला, दोघांनी त्याला धरलं. मग कुणीतरी ओरडलं, बजाओ भिया बजाओ, आणि ताशा पुन्हा सुरू झाला.

मी गर्दीत शिरले. माझ्या अंगावर देवळातलीच साधी सुती साडी, पायात चपला. सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी साफे, तुरे. दुनळी सुशांतच्या हातात नव्हतीच. काळा चष्मा लावलेला कुणी जाडा, त्याच्या हातात. तो ती डोक्यावर धरून नाचत होता आणि नळीतून अजून धूर येत होता. समोर लहान मुली नाचत होत्या, त्यांच्या अंगावर चमकीचे झगे. सुशांत बाजूला उभा राहून फोनवर शूटिंग करत होता.

त्याची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उतरला. पण बंटी हुशार. बंटी इंदूरचा वकील आहे, तोंडात गूळ. पुढे येऊन माझ्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लो भिया, अब तो लायसन्स खुद चल के आ गया. अब कायको डरना. काकूजी, आप बस यहाँ कुर्सी पे बैठो, आपके सामने चलेगी तो सब कानूनी है."

सगळे हसले. सुशांतही हसला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. कुणी खुर्ची आणली, कुणी माझ्या हातात थंड सरबताचा ग्लास दिला, एका पोरीनं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. बंदुकीला दसऱ्याला घालतात तसा.

मी ग्लास खाली ठेवला. त्या जाड्याला म्हटलं, "दे बेटा. एक फोटो मेरे साथ भी."

फोन वर झाले. त्यानं हसत हसत दुनळी माझ्या हातात दिली. मी तोंड जमिनीकडे केलं, वरची कळ सारली, नळ्या खाली वाकवून बंदूक उघडली. एका नळीत उडालेल्या काडतुसाची पुंगळी, गरम. एक काडतूस जिवंत. लहान मुली समोर नाचत होत्या आणि दुसऱ्या नळीत जिवंत काडतूस होतं. दोन्ही काढून मी बटव्यात टाकली. दुनळी उघडीच हातावर घेतली, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागले.

आधी कुणाला कळलं नाही. त्यांना वाटलं म्हातारी फोटोसाठी उजेडात चाललीय. मग सुशांत धावत आला. "आई, कुठे? आई, तमाशा नको करू, प्लीज."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "लावलास तर गुन्हा आहे."

त्यानं हात मागे घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

ठाणं रस्त्यावरच, थोडं मागे इंदूरच्या बाजूला होतं. येताना पाहिलं होतं. मी पुढे, सुशांत मागे, त्याच्या मागे बंटी धापा टाकत, सगळ्यांच्या मागे बँड. ट्रॅक्टरवरची माणसं वळून वळून बघत होती. बघोत. ठाण्याच्या फाटकाशी दोघांनी मला गाठलं आणि समोर उभे राहिले.

सुशांत म्हणाला, "तुला जमा करायची आहे ना? कर. उद्या इंदूरला करू, मी स्वतः घेऊन जाईन तुला. इथे आत गेलीस तर विचारतील, चालली कशी, आणली कोणी. मी आत जाईन आई. अमिताचा तरी विचार कर."

बंटी म्हणाला, "काकूजी, मेरी सुनो. जाना है तो जाओ, बस इतना बोल देना कि आप खुद लेके आई थीं और गलती से चल गई. उमर देखके कोई कुछ नहीं करेगा. ज्यादा से ज्यादा लायसन्स जाएगा. आपको वैसे भी क्या काम उसका."

मी सुशांतकडे बघितलं. तो मान हलवत होता, हो आई, हो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. लहानपणी ताप आला की असाच बघायचा. मी काही दगडाची नाही.

पण मी विचार केला, आज हो म्हटलं तर काय होईल. हा घरी येईल, दोन दिवस गोड बोलेल. रविवारी चादर पसरेल, आणि क्लबवाल्यांना सांगेल, आईच्या नावावर होती म्हणून वाचलो. आणि ते बशी हातात धरून म्हणतील, वा भिया. आणि पुढच्या वरातीत कुणाच्या तरी आईची बंदूक असेल, आणि समोर कुणाच्या तरी मुली नाचत असतील.

"घर माझ्या नावावर घेतलंस, मी सही केली," मी म्हटलं. "कारखाना घेतलास, सही केली. चलानं आली, मी गप्प बसले. आता गुन्हाही माझ्याच नावावर टाकतोस? एवढी तरी एक गोष्ट स्वतःच्या नावावर घे, सुशांत."

बंटी खिशातून फोन काढून बाजूला गेला. मी आत गेले.

ठाण्यात तक्रारी लिहून घेणारा मुंशी होता, तरुण, चष्मेवाला, टेबलावर डबा उघडा. मला बंदुकीसकट बघून उभा राहिला. मी दुनळी उघडीच टेबलावर ठेवली, बटव्यातून पुंगळी आणि काडतूस काढून शेजारी ठेवलं, पुस्तिका ठेवली. त्यानं नळीला नाक लावलं.

"ये तो चली है, माताजी."

"हां. आत्ता, वरातीमे."

"किसने चलाई?"

"वो मैंने नहीं देखा. जो नहीं देखा वो नहीं बोलूंगी. घर से कौन ले गया, वो बोलती हूँ. मेरी अलमारी तोडके ले गया."

"कौन?"

"लडका. मेरा."

त्यानं पेन खाली ठेवलं. डब्यातल्या पोळ्या गार होत होत्या. हळू आवाजात म्हणाला की माताजी, सोच लो, एक बार लिख दिया तो लिख दिया. चांगला मुलगा होता, कुणाचा तरी. मी म्हटलं, सोचके ही इतनी दूर आई हूँ. आणि हे लायसन्सही परत घ्या, मला नको ते. तो म्हणाला, वो अलग अर्जी है, बाद में. मग पेन उचललं.

"लडके का नाम?"

"सुशांत."

"बाप का नाम?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं ऐकू आलं नाही, त्यानं परत विचारलं. लग्नात सगळ्यांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं होतं ते नाव. त्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं, ह्यांच्या चितेपाशीसुद्धा नाही.

"गोपीनाथ," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, लडका है कहाँ? मी दाराकडे बोट केलं. शिपाई उठायला लागला, त्याला म्हटलं, थांबा, मी बोलावते.

सुशांत पायरीवर बसला होता. बंटी कुठे दिसत नव्हता. सुशांतनं फोन कानाला लावला होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं, रिंगचा आवाज मला ऐकू येत होता. डोक्यावर गुलाबी साफा तसाच, तुरा एका बाजूला लोंबकळत होता. असा आत गेला असता तर शिपाई हसले असते.

मी त्याच्यापुढे उभी राहिले. त्यानं फोन खाली केला. दोन्ही हातांनी मी त्याच्या डोक्यावरचा साफा उचलला. कपाळावर लाल वळ उठला होता, केस घामानं चिकटले होते. ते मागे सारले. साफ्याची घडी करून हातावर टाकली.

"चल," मी म्हटलं. "आत बोलावलंय."